हळदीवर वीस हजार शोधनिबंध आहेत, मग गोळी कशाला?

"डॉक्टर, हळदीवर वीस हजार संशोधनं झालीत म्हणे. मग शुगरची गोळी कशाला?" सातारा-सांगली भागात दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न आता नवा नाही. हळदीच्या जागी कधी गुळवेल असते, कधी अश्वगंधा, कधी शेवग्याचा पाला. विचारणारा बहुतेकदा रुग्ण नसतोच. त्याचा मुलगा किंवा सून असते आणि हातात मोबाइल असतो. आईवडिलांना कमी गोळ्या लागाव्यात, घरातल्या वस्तूने भागावं, एवढीच इच्छा त्यामागे असते. अशा माणसाला "असलं काही वाचत जाऊ नका" म्हणून गप्प करणं मला पटत नाही. त्याने वाचलंय ही चांगलीच गोष्ट आहे. जे वाचलं त्याचा अर्थ कसा लावायचा, एवढंच राहून गेलंय.

आधी हे सांगतो, की आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची पबमेड नावाची वेबसाइट आहे. ती कुणालाही फुकट वापरता येते. तिथे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचं, म्हणजे कर्क्युमिनचं, नाव टाकलं की वीस हजारांहून जास्त शोधनिबंधांची यादी येते. बाजूला वर्षवार आलेखही दिसतो. १९९० पर्यंतचे खांब जेमतेम जमिनीवर आलेले, नंतर चढ, आणि अलीकडे दर वर्षी हजाराच्या वर. असा आलेख पाहिला की जग आपल्या आजीच्या बटव्याकडे वळलंय असंच वाटणार.

पारंपरिक ज्ञानावर जगात किती लिहून येतंय आणि ते किती वेगाने वाढतंय, हे मोजणं हा आता स्वतंत्र अभ्यासाचा विषय झालाय. त्यातून निघालेले आकडे औषधांच्या जाहिरातीत, यूट्यूबवर आणि शेवटी तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. म्हणून ही मोजणी कशी होते ते रुग्णाच्या घरच्यांनीही समजून घ्यायला हवं.

मोजणी कशाची होते?

शास्त्रीय लिखाण कसं वाढतं, हे आकड्यांत मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत डेरेक डी सोला प्राइस यांचं नाव घेतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होते. ग्रंथालयाची इमारत पुरी होईपर्यंत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंड त्यांनी स्वतःच्या खोलीत ठेवले. दशकानुसार भिंतीशी चळती लावल्या, तेव्हा प्रत्येक चळत आधीच्या चळतीपेक्षा ठरावीक पटीने उंच होत गेलेली दिसली. पुढे त्यांनी हिशेब मांडला, की एकूण शास्त्रीय लिखाण साधारण दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होतं.

म्हणजे कुठल्याही विषयाचा आलेख काढा, तो वर जाणारच. पबमेडमध्ये आता सगळ्या विषयांचे मिळून दर वर्षी दहा लाखांहून जास्त लेख भरतात. हळदीवरचे लेख दुप्पट झाले असतील आणि त्याच काळात सगळंच लिखाण दुप्पट झालं असेल, तर हळदीचा वाटा होता तेवढाच राहिला. कर्क्युमिनचा आलेख त्याहून जास्त वेगाने चढलाय हे खरं, पण आलेख दाखवणारा तुम्हाला हा वाटा कधी सांगत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. यंत्र शब्द शोधतं, अर्थ शोधत नाही. हळदीचं इंग्रजी नाव टाका, शास्त्रीय नाव टाका, कर्क्युमिन टाका, तीन वेगळे आकडे येतील. "पारंपरिक ज्ञान" किंवा "देशी ज्ञान" या अर्थाचे इंग्रजी शब्द तर १९८० नंतर रुळले आणि १९९२ च्या रिओ परिषदेतल्या जैवविविधता करारानंतर सगळीकडे झाले. त्याआधी हाच अभ्यास "लोकवैद्यक" किंवा "वनस्पती आणि लोकजीवन" अशा नावांनी छापला जायचा. नुसता नवा शब्द शोधला तर जुनं काम दिसतच नाही, आणि वाढ आहे त्यापेक्षा मोठी वाटते. उलट मराठी आयुर्वेदाच्या पुस्तकांत किंवा एखाद्या वैदूच्या तोंडी जे आहे, ते यातल्या कुठल्याच आकड्यात धरलं जात नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक किती पोती झाली ते रोज कळतं. पण पोती मोजून कुणी भाव ठरवत नाही. पोतं उघडतात, हळकुंड मोडून आतला रंग बघतात, मग सौदा होतो. शोधनिबंधांचा आकडा ही आवक आहे. तेवढ्यावर रुग्णाचं औषध बदलायचं म्हणजे न उघडलेल्या पोत्याचे पैसे मोजण्यासारखं आहे.

पोतं उघडल्यावर

या वीस हजारांतला मोठा भाग काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांचा आहे. हे प्रयोग निरुपयोगी नाहीत. कुठलंही औषध तिथूनच सुरू होतं. पण बशीतल्या कर्करोगाच्या पेशी कशानेही मरतात, साध्या मिठाचं प्रमाण वाढवलं तरी मरतात. "हळद कर्करोगाच्या पेशी मारते" हे वाक्य बशीपुरतं खरं असू शकतं आणि माणसाच्या बाबतीत त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

कर्क्युमिनची आणखी एक खोड आहे. ते पिवळं आहे, प्रकाशात चमकतं, आणि समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच चाचण्या रंगातला किंवा चमकेतला बदल मोजतात. त्यामुळे औषध म्हणून काही घडलेलं नसतानाही चाचणी "परिणाम झाला" असं दाखवू शकते. २०१७ मध्ये "जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री" या नियतकालिकात अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी यावर सविस्तर लेख लिहिला. तोवर कर्क्युमिनच्या १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्या झाल्या होत्या. त्यांतल्या एकाही काटेकोर चाचणीत निर्विवाद यश मिळालेलं नाही, असं त्यांचं मत होतं. हे मत सगळ्यांना मान्य झालं असं नाही, त्यावर वादही झाले. पण हळदीचा आकडा इतका फुगण्यामागे हीही एक गोष्ट आहे: चाचणीत सतत काहीतरी दिसत राहतं, म्हणून लोक सतत लिहीत राहतात.

मग आढावा लेख येतात. इतरांनी केलेल्या कामाचा गोषवारा, नवा रुग्ण एकही नाही. एकाच जुन्या अभ्यासाचा उल्लेख पन्नास आढाव्यांत झाला की आकड्यात पन्नासची भर पडते. काही लेख मागेही घेतले जातात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये कर्क्युमिनवर काम करून जगभर नाव कमावलेल्या एका संशोधकाचे वीसहून अधिक शोधनिबंध चित्रांमधल्या गडबडीमुळे नियतकालिकांनी मागे घेतले. त्या निबंधांचा आधार घेऊन लिहिलेले लेख मात्र यादीत तसेच आहेत.

शिवाय सगळी नियतकालिकं एका तोलाची नसतात. पदोन्नतीसाठी शोधनिबंध हवेत म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं निघाली. २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक नियतकालिकं तपासली आणि निष्कर्ष "करंट सायन्स"मध्ये छापले. ८८ टक्क्यांहून जास्त निकषात बसली नाहीत. पटवर्धन स्वतः आयुर्वेदाच्या संशोधनात आयुष्य घालवलेले आहेत. देशी ज्ञानाविषयी आकस म्हणून त्यांनी हे केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. असली बरीच नियतकालिकं पबमेडवर येत नाहीत, पण गूगल स्कॉलरवर येतात. तिथला आकडा म्हणूनच आणखी मोठा दिसतो.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याचा शोधनिबंधही त्याच वीस हजारांत मोजलेला असतो. बाजूने आणि विरोधात, दोन्ही एकाच ढिगात.

किती हळद खाल्ली म्हणजे किती कर्क्युमिन?

हे गणित मी रुग्णांना कागदावर मांडून दाखवतो, कारण ते पाहिल्यावर पुढची अर्धी चर्चा संपते. हळद पावडरीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. सोयीसाठी ३ धरू. (जातीप्रमाणे फरक पडतो. जास्त कर्क्युमिनसाठी नाव घेतली जाते ती वायगावची हळद वर्धा जिल्ह्यातली. आपल्या वाईची समजून पुष्कळ जण गल्लत करतात.) अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हळदीच्या दुधाच्या पेल्यात कर्क्युमिन जेमतेम ४५ मिलिग्रॅम.

माणसांवरच्या चाचण्यांत बऱ्याचदा दिवसाला दीड ग्रॅम देतात. तेवढं स्वयंपाकातल्या हळदीतून मिळवायचं तर रोज ५० ग्रॅम हळद खावी लागेल. सुरुवातीच्या काही चाचण्यांत तर दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं, म्हणजे पाव किलोहून जास्त हळद, आणि तरीही रक्तात ते अगदी थोडं सापडलं. कारण आतड्यातून ते फारसं शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं ते यकृत लगेच निकामी करून बाहेर टाकतं. बशीतल्या पेशींवर जेवढं ओततात तेवढं रक्तात पोहोचतच नाही.

यावर तोडगा म्हणून मिरीतलं पायपरिन मिसळतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढतं. आज कॅप्सूलच्या डब्यांवर जे "२००० टक्के" छापलेलं असतं, ते याच अभ्यासातून आलेलं आहे. पण पायपरिन हे करतं कसं? यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा तुमच्या बाकीच्या गोळ्यांसाठीही तीच आहे. फिटच्या गोळीचं, म्हणजे फेनिटॉइनचं, रक्तातलं प्रमाण पायपरिनमुळे वाढतं हे दिसलेलं आहे.

म्हणजे आमटीतली हळद आणि डबीतली कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमटीतली हळद पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि तिचा त्रास नाही, म्हणून कॅप्सूलही निर्धोक, हा तर्क इथेच तुटतो.

पेटंटची लढाई आपण जिंकलो, पण कुठल्या प्रश्नावर?

हळदीचा विषय निघाला की कुणीतरी अमेरिकन पेटंटची गोष्ट सांगतंच. ती खरी आहे. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेलचे. परिषदेने ३२ पुरावे सादर केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक शोधनिबंधही. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. त्यात जुन्या ग्रंथांतले पाठ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडून परदेशी पेटंट कार्यालयांना पाहायला दिले जातात.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण "अमेरिकेनेही मान्य केलं" हे वाक्य जेव्हा मधुमेहाच्या गप्पांत येतं, तेव्हा थोडं थांबावं लागतं. पेटंट कार्यालयापुढे प्रश्न एवढाच होता: ही माहिती नवी आहे की आधीपासून ठाऊक होती? आधीपासून ठाऊक होती, हे सिद्ध झालं. जखम खरोखर किती लवकर भरते, कुणाची भरते, हळदीविना भरली असती का, हे कुणी विचारलंही नाही आणि तिथे त्याची गरजही नव्हती. जुनं असणं हा एक पुरावा, गुण येणं हा दुसरा. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत हळद भरून दोन आठवडे वाट पाहणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो. कधी बोट जातं, कधी पाय.

"गावोगावी वापरतात" हाही शोधनिबंध असतो

आणखी एका प्रकारच्या निबंधांविषयी सांगायला हवं, कारण त्यांचा संबंध थेट आपल्या भागाशी आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात, पाटण, जावळी, शिराळा अशा भागांत लोक कुठली वनस्पती कशासाठी वापरतात, याच्या नोंदी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी करतात. "इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज" हे नियतकालिक २००२ पासून अशाच कामासाठी आहे. हे काम मोलाचं आहे. जाणती म्हातारी माणसं गेली की ही माहिती त्यांच्याबरोबर जाते.

पण त्यात मोजतात ते काय? समजा दहा जणांना विचारलं आणि नऊ जणांनी कावीळीसाठी एकच मूळ सांगितलं, तर एकमत जास्त, आणि तसा निर्देशांक निबंधात छापला जातो. हा निर्देशांक लोकांच्या सांगण्यातलं एकमत दाखवतो. कावीळ बरी होण्याशी त्याचा संबंध नाही. मोबाइलवर पोहोचेपर्यंत त्याचं "कावीळीवर संशोधनाने सिद्ध औषध" झालेलं असतं.

कावीळीच्या बाबतीत हे एकमत का तयार होतं, तेही बघा. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते. धडधाकट माणसात ती काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. तिसऱ्या दिवशी कावीळ "उतरवायला" गेलात, नाकात रस घातला, दंडाला मूळ बांधलं, काहीही केलं, तरी महिन्याभरात डोळे पांढरे होणारच. श्रेय औषधाला मिळतं. दहापैकी नऊ जणांचा अनुभव खरा असतो, त्यांनी काढलेलं कारण चुकलेलं असतं.

उरलेल्या दहाव्याचं काय? त्याची कावीळ पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याची असते, लेप्टोची असते, दारूने खराब झालेल्या यकृताची असते, किंवा ती गरोदर बाई असते आणि हिपॅटायटिस ई असतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो जिवावर बेततो. असा माणूस सर्वेक्षणात उत्तर द्यायला नसतो. म्हणून माझं घरच्यांना एवढंच सांगणं असतं: श्रद्धेने जिथे जायचं तिथे जा, पण आधी बिलिरुबिन, एसजीपीटी, पीटी-आयएनआर आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. आणि पोटात घ्यायचं काही असेल तर ते नको.

पन्नास रुग्णांचा एक निबंध

देशी ज्ञानातून खरं औषध निघालेलं नाही असं कुणी समजू नये. सर्पगंधा आपल्याकडे वेड आणि निद्रानाशावर पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम नोंदवला. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीरपणे दिली. आधी रक्तदाब किती, नंतर किती, किती दिवसांत उतरला, बंद केल्यावर काय झालं, त्रास काय झाला, सगळं मोजलं. १९४९ मध्ये "ब्रिटिश हार्ट जर्नल"मध्ये ५० रुग्णांचा निबंध आला आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५२ मध्ये स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळालं.

पुढे वापर वाढला तसं काही रुग्णांना रिसर्पिनमुळे उदासी येते हेही दिसलं, त्याचे डोस कमी झाले, आणि अधिक चांगल्या गोळ्या आल्यावर ते मागे पडलं. देशी वनस्पतीला औषध म्हणून ओळख मिळते ती अशी, आणि जेव्हा ती मिळते तेव्हा तोटेही त्याच कागदावर लिहिलेले असतात. वर्षवार आलेखात १९४९ चा तो निबंध म्हणजे फक्त एक.

घरी बसून काय तपासता येतं

पबमेडवर डाव्या बाजूला गाळण्या असतात. तिथे "रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल" निवडलं, की हजारोंची यादी काहीशेवर येते. या चाचण्यांत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात; एकाला औषध, दुसऱ्याला त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी किंवा नेहमीचं औषध. पूर्ण निबंध वाचायची गरज नाही, वरचा सारांश पुरतो. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. कुणावर केलं, किती जणांवर, काय आणि किती दिलं, कशाशी तुलना केली, किती दिवस, एवढंच शोधायचं.

उदाहरणं घेऊ. २०१४ मध्ये थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या ३६७ रुग्णांवर चाचणी झाली. हळदीचा अर्क दिवसाला १५०० मिलिग्रॅम विरुद्ध आयबुप्रोफेन १२०० मिलिग्रॅम, चार आठवडे. दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. म्हणजे ज्याला आयबुप्रोफेनने पित्त होतं अशा माणसासाठी हा विषय डॉक्टरांशी बोलण्याजोगा आहे. पण चारच आठवडे, आणि झिजलेली कूर्चा परत आली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

शुगरच्या प्रश्नामागे बहुधा दुसरी एक चाचणी असते, तीही थायलंडचीच, २०१२ ची. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २४० लोकांना नऊ महिने कर्क्युमिनच्या कॅप्सूल किंवा निष्क्रिय कॅप्सूल दिल्या. निष्क्रिय गटात १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिन गटात कुणालाच नाही. निकाल इतका चोख आहे की मी तो थोड्या सावधपणेच वाचतो. इतर ठिकाणी, जास्त लोकांवर असाच निकाल येईपर्यंत त्यावर विसंबता येत नाही. शिवाय त्या लोकांना मधुमेह झालेला नव्हता. ज्याची उपाशीपोटीची शुगर २२० आहे आणि जो पाच वर्षं मेटफॉर्मिन घेतोय, त्याच्याविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही. मेटफॉर्मिन बंद करून हळद घेतली तर चालेल, असं तर तिच्यात कुणी तपासलेलंच नाही. विसराळूपणाच्या आजारावर, अल्झायमरवर, झालेल्या लहान चाचण्यांत कर्क्युमिनचा फायदा दिसला नाही. तेही शोधनिबंधच आहेत.

घेतच असाल तर

भाजीतल्या हळदीविषयी काहीच म्हणणं नाही. हळदीच्या दुधाविषयीही नाही, शुगर असेल तर त्यात गूळ-साखर टाकू नका म्हणजे झालं. सांभाळायचं आहे ते कॅप्सूल, अर्क आणि काढ्यांना.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं रुग्णालयांचं जाळं आहे. त्यांनी २००४ ते २०२२ या काळात हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले. त्यातल्या पाच जणांना भरती व्हावं लागलं आणि एकाचा मृत्यू झाला. दहा हा आकडा लहान आहे, पण बहुतेक रुग्ण शेवटच्या काही वर्षांतले आहेत. गुळवेलीचं आपल्या जवळचं उदाहरण आहे. करोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवायला लोक रोज गुळवेलीचा काढा पिऊ लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांना असे सहा रुग्ण दिसले, त्यांनी ते २०२१ मध्ये छापले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही असं म्हटलं. नंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास छापला. थायरॉइडसारखे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारे आजार ज्यांना आहेत त्यांनी गुळवेल टाळावी, असं मी त्यानंतर सांगत आलोय.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, फिटची गोळी असेल, गरोदरपण असेल किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर हळदीची कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर किमान दोन आठवडे आधी सर्जनला सांगा. आणि डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. "औषधं कुठली घेता?" या प्रश्नाला लोक काढे, चूर्णं, कॅप्सूल धरतच नाहीत, म्हणून मी आता "पोटात काय काय जातं?" असं विचारतो.

अशी काही गोष्ट चालू असताना लघवी गडद पिवळी होऊ लागली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, अंगाला खाज सुटली, तर ती त्याच दिवशी बंद करा आणि दवाखान्यात या. येताना डबी घेऊन या, रिकामी असली तरी चालेल. काढ्याची वनस्पती असेल तर वाळलेली फांदी आणा. नेमकं काय आणि किती पोटात गेलंय, हे त्यावरूनच कळतं.